केमिस्ट्रीच्या लॅबमधले मामा

प्राचार्यबाईंनी पाटीचा मजकूर माझ्यापुढे सरकवला तेव्हा भिंतीवरच्या डबीने फुस्स केलं आणि खोलीत गुलाबाचा वास पसरला. दर दहा मिनिटांनी ती डबी असा एक खोटा गुलाब हवेत सोडते. खोलीला आता कॉन्फरन्स हॉल म्हणतात. लांबलचक चकचकीत टेबल, काळ्या फिरत्या खुर्च्या, आणि तिन्ही भिंतींवर संस्थेच्या अध्यक्षांचे फोटो. प्रत्येक फोटोत अध्यक्ष कुणाला तरी काहीतरी देतायत. देणारा हात पुढे, मान मात्र कॅमेऱ्याकडे.

चाळीस वर्षांपूर्वी ही केमिस्ट्रीची लॅब होती आणि माझे बाबा इथे प्रयोगशाळा परिचर होते. त्यांच्या नावाने मी दरवर्षी तीन मुलांना शिष्यवृत्ती देणार होते. मुलं इथल्याच गावांतली हवीत, गोडदेवची, खारीची, राईची, एवढीच माझी अट. माझी सगळी नोकरी औषधांच्या कारखान्यात झाली, तपासणी विभागात. त्यातून साठलेलं सगळं याच कामासाठी ठेवलं होतं.

मजकूर वाचला. 'विज्ञान शाखेचे ज्येष्ठ मार्गदर्शक' असं मोठ्या अक्षरात आणि खाली बाबांचं नाव. तेही धोंडू कापून नुसतं 'डी.' करून.

"मार्गदर्शक कुठून आलं, मॅडम?"

बाई हसल्या. मऊ बोलणाऱ्या, नीटनेटक्या बाई. त्यांचा राग यावा असं त्यांच्यात काहीच नाही, आणि नेमकं त्याचंच मला काय करावं ते कळेना.

"त्याचं काय आहे, परिचर म्हटलं की जरा... म्हणजे आजच्या मुलांना तो शब्द कळणार पण नाही. आणि पाटी कायमची लागते ना. अध्यक्षसाहेबांनीच सुचवलं. म्हणाले, मामांना जरा मोठं करू या."

मोठं करू या. बाबा पाच फूट दोन इंच होते. वरच्या फळीवरची ॲसिडची बाटली काढायला त्यांना स्टूल लागायचं. हयात होते तोवर त्यांना कुणी उंच केलं नाही, आता वारल्यावर संस्थेने ते काम हाती घेतलं होतं.

"परिचर लिहा," मी म्हटलं. "आणि डी. नको. धोंडू. नाहीतर चेक मिळणार नाही."

"अहो, नको नको, तसं काही नाही." बाईंनी पेन उचललं. चेकचं नाव निघताच मार्गदर्शक खोडला गेला. एका रेघेत.

बाई दुरुस्ती करत होत्या तेवढ्यात मी खिडकीकडे पाहिलं. तीन खिडक्या तेव्हाही होत्या, याच जागी. त्यातून खारीच्या बाजूची मिठागरं दिसायची. उन्हाळ्यात पांढऱ्या मिठाच्या राशी अशा चमकायच्या की डोळे बारीक करूनच बघावं लागे. आता खिडकीत समोरच्या टॉवरची पाठ आहे, एसीचे डबे आणि वाळत घातलेले टॉवेल. टॉवरला कुठल्यातरी इटालियन गावाचं नाव दिलंय. त्या गावाने आमच्या गटारावर उभं राहून काय पाप फेडायचंय कुणास ठाऊक.

त्या काळी या खोलीला खरा वास होता. दारात पाऊल टाकलं की अमोनिया थेट डोळ्यांत चढायचा. मग सडक्या अंड्यांसारखा तो गॅस, ज्याने पहिल्या वर्षाच्या मुली रुमाल तोंडाशी धरून बाहेर पळायच्या. स्पिरिटच्या दिव्यांचा गोडसर वास, लाकडी टेबलांत मुरलेल्या ॲसिडचा आंबूस वास, आणि सगळ्यांच्या खाली जमिनीलगत फिनेल. बर्नरची फुरफुर, स्टँडमध्ये परीक्षानळ्या ठेवतानाची किणकिण. मधूनच कुठेतरी काच फुटायची. क्षणभर सगळं गप्प व्हायचं आणि मग त्या शांततेत बाबांचा आवाज यायचा, "पाय हलवू नका. तिथंच उभ्या रहा." फुटलेल्या काचेबद्दल ते कधी बोलत नसत. आधी पायांकडे बघायचे, मग केरसुणी आणायचे.

बाबांच्या बोटांना नायट्रिक ॲसिडचे पिवळे डाग असायचे, जाणारच नाहीत असे. एका अंगठ्याचं नख कायमचं काळं. खाकी कोटाला खालच्या बाजूला भोकं पडलेली, आईने वेगवेगळ्या कापडाची ठिगळं लावलेली. गोडदेवच्या आमच्या चाळीत पाण्याचा नळ अर्धा तास यायचा, आणि त्यातलं एक घागर पाणी बाबांच्या हातांना लागायचं. ते कोपरापर्यंत तीन-तीनदा धुवायचे, मगच भाताला हात लावायचे. तरी वास जात नसे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बापाला असा वास येतो.

ते रत्नागिरीकडून आले तेव्हा सातवी शिकलेले होते. इंग्रजी बाटल्यांवरची नावं त्यांनी चित्रासारखी पाठ केली होती. पण मनातली नावं वेगळीच. मोरचूद, हिराकस, नवसागर, तुरटी. चिमूटभर पूड कागदावर घेऊन ते आधी तिरपी धरायचे, मग बोटाच्या टोकाने सरकवायचे, मग थोडी तापवून कान लावायचे. कुठलं मीठ तडतडतं, कुठलं गप्प वितळतं, कुठल्याचा धूर पांढरा आणि कुठल्याचा तांबूस, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. विभागप्रमुख सरांना एखादा नमुना ओळखता येईनासा झाला की ते मुलं जाईपर्यंत थांबायचे. मग दबक्या आवाजात, "धोंडू, जरा बघ रे हे." बाबा बघायचे. दुसऱ्या दिवशी सर तेच उत्तर फळ्यावर लिहायचे, खडू असा जोरात आपटत की जणू त्यांनीच ते खाणीतून खणून काढलंय. त्या सरांच्या नावाने आता कॉलेजात एक फिरती ढाल आहे.

थंडीच्या रविवारी बाबा मला मिठागरांवर न्यायचे. बांधावरून पुढे ते, मागे मी. पायाखाली मिठाचा पापुद्रा कुरकुर मोडायचा. लांब दांड्यांच्या फावड्यांनी माणसं मीठ ओढत असायची, त्यांच्या पायांच्या भेगा पांढऱ्या झालेल्या. कुणाची तरी कुत्री बांधाच्या सावलीत पडलेली. बाबा वाकून एक खडा उचलायचे, उन्हाकडे धरायचे. "बघ गो, कसा चौकोनी आहे. कुणी कापलान नाही, कुणी घासलान नाही." मी तो खडा जिभेवर ठेवायची. बाबा हसायचे. लॅबमध्ये त्यांना मी कधी हसताना पाहिलं नाही.

लॅबमध्ये त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामा, बर्नर लागत नाहीये. मामा, नळी द्या. मी याच कॉलेजात ॲडमिशन घेतली. पहिल्या प्रॅक्टिकलला माझ्या टेबलावर पिपेट नव्हतं. बाबा पलीकडच्या रांगेत बाटल्या मांडत होते. माझ्या शेजारी टाऊनमधून नव्याने राहायला आलेल्या दोन मुली होत्या, छान इस्त्रीचे कपडे घातलेल्या. मी हात वर केला आणि म्हटलं, "मामा, पिपेट द्या."

बाबांनी पिपेट आणून दिलं. म्हणाले, "घ्या ताई. सांभाळून."

आमच्या आडनावाची वर्गात चार मुलं होती, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. त्या संध्याकाळी घरी आम्ही दोघांनी शेजारी बसून भाकरी खाल्ली आणि त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. तीन वर्षं मी त्यांना तिथे मामा म्हटलं आणि तीन वर्षं ते मला ताई म्हणाले. हे आधी कुणी ठरवलं असं आता विचारायचं मी टाळते, कारण उत्तर मला माहीत आहे.

कॉन्फरन्स हॉलचं दार उघडलं आणि अध्यक्ष आत आले. पांढरे बूट, मनगटात जाड सोन्याची साखळी, दोन फोन. दोन्ही त्यांनी टेबलावर पालथे ठेवले, जसे काही ते माझ्यासाठी मोठा त्याग करतायत.

"अरे मॅडम! मामांची मुलगी तुम्ही? कमाल आहे! आपण एकाच बॅचला होतो, माहितीये ना? आणि मला पत्ताच नाही!"

"माहितीये," मी म्हटलं.

"सच बोलू? मामा नसते तर मी बी.एस्सी. झालोच नसतो." ते प्राचार्यबाईंकडे वळले. "फायनल इयरचं प्रॅक्टिकल. आदल्या दिवशी आख्खी लिस्ट हातात! कुठल्या नंबरला कुठलं सॉल्ट, सगळं. मामांनीच दिली. चहापाण्याचं काय ते घ्यायचे, बस. पण दिल का राजा माणूस!" मग परत माझ्याकडे. "हा किस्सा मी प्रोग्रामला सांगणार हां. पब्लिकला असं आवडतं. जरा ह्यूमन टच येतो."

बाई अदबीने हसल्या. मी चहाचा कप उचलला. चहात वेलची होती आणि वर साय धरलेली. मी तो सावकाश पूर्ण प्यायले, थँक यू म्हटलं आणि उठले. साठीला आलेली बाई, हातात स्वतःच्या पैशांचा चेक, आणि तरी तोंड शिवल्यासारखं. तो जिना उतरताना मला अध्यक्षांपेक्षा स्वतःची जास्त किळस आली.

जिन्याखाली पूर्वी सायकल स्टँड होतं. आता तिथे गाड्या उभ्या असतात आणि निळ्या गणवेशातला एक माणूस शिट्टी वाजवतो. मी तिथे उभी राहिले तर त्याने मलाही वाजवली. "मॅडम, इधर खडा नहीं रहने का."

त्या परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबा लॅबमध्ये उशिरापर्यंत थांबणार होते. पाच वाजता मी डबा घेऊन गेले. आवारात बाबा पाण्याच्या टाकीपाशी काचेच्या मोठ्या बरण्या भरत होते, पाठमोरे. मी सरळ वर गेले. लॅबचं दार ढकललेलं होतं. आत सरांच्या टेबलापाशी तो उभा होता, आताचे अध्यक्ष. तेव्हा किडकिडीत, केस कपाळावर आलेले. टेबलाचा खण उघडा. तो जर्नलच्या मागच्या पानावर भराभर काहीतरी उतरवत होता.

त्याने मान वर केली. मला पाहिलं. दचकला नाही. हसला. त्याला वाटलं, मीही त्याच कामाला आलेय. त्याने खणाकडे बोट केलं आणि म्हणाला, "पटकन घे, मामा खाली आहे."

मी घेतलं नाही. पण ओरडलेही नाही. डबा दाराशी ठेवला आणि जिना उतरून मागच्या फाटकाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांना चार मुलांकडे एकसारखे कागद सापडले. मुलांना ऑफिसात नेलं. अर्ध्या तासाने ती बाहेर आली तेव्हा गोष्ट तयार झालेली होती. लिस्ट मामांनी दिली. मामा पैसे घेतात. चौघांना पुन्हा परीक्षेला बसू दिलं. विभागप्रमुखांनी बाबांना बोलावलं, इंग्रजीत टाइप केलेला एक कागद पुढे ठेवला. बाबांनी वाचता न येणाऱ्या कागदावर सही केली. सर त्यांच्याकडे बघतही नव्हते, ते खिडकीतून मिठागरं बघत होते.

त्या संध्याकाळी बाबा मोरीत हात धूत होते. पाठमोरेच म्हणाले, "काल डबा ठेवलास तेव्हा आत कोण होतं का गो?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं."

पाणी ओतल्याचा आवाज आला. मग पुन्हा ओतल्याचा. आई चुलीशी बसली होती, तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली. त्यानंतर बाबांनी तो प्रश्न आयुष्यात कधी विचारला नाही.

त्यांना सायकल स्टँडवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं. त्यांचा वास बदलला. ॲसिड गेलं, रबराचा, वंगणाचा आणि धुळीचा वास आला. बोटांचे पिवळे डाग हळूहळू फिके झाले आणि एका उन्हाळ्यात मी पाहिलं तर हात साधे झालेले होते, कुणाचेही असावेत तसे. हातांसाठीचं ते घागरभर पाणी वाचायला लागलं. आईने त्या पाण्यावर कोथिंबीर लावली. मला ती कोथिंबीर गिळवत नसे.

दुपारच्या वेळी, स्टँड रिकामं असताना, बाबा पायरीवर बसून वरच्या खिडक्यांकडे बघायचे. काच फुटल्याचा आवाज आला की अर्धे उठायचे. मग बसायचे.

मी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. बाबांनी स्टेशनाजवळच्या दुकानातून पेढे आणले आणि स्टँडवर येईल त्याच्या हातावर ठेवले. मी जिन्यात उभी होते. एका प्राध्यापिकेने विचारलं, "कसले पेढे मामा?"

"मुलगी बी.एस्सी. झाली."

"अरे वा! कुठल्या कॉलेजात होती?"

बाबांनी एक क्षण विचार केला. म्हणाले, "आहे एका."

मग त्यांनी मला पाहिलं. जवळ आले, आणि खोका पुढे करून म्हणाले, "घ्या ताई."

कार्यक्रम दोन आठवड्यांनी झाला. खालच्या सभागृहात बॅनर लावला होता. अध्यक्षांचा फोटो माणसाएवढा, प्राचार्यबाईंचा थाळीएवढा आणि बाबांचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाबांचा फोटो एकच आहे, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. त्यांच्या खांद्यावर रबरी शिक्क्याची अर्धी वर्तुळं आहेत. तो शिक्का काढून टाकायला मी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी तो पुसून खांद्यावर पार्श्वभूमीचा निळा रंग भरला होता, त्यामुळे बाबांना एक खांदा नव्हता.

बाहेर पुठ्ठ्याची एक चौकट उभी केली होती, तिच्यात उभं राहून लोक सेल्फी काढत होते. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गुच्छ आले. त्यातली फुलं कालची होती, वर चमकी मारलेली. एका मुलीने यंत्रासारख्या आवाजात निवेदन केलं, त्यात 'ज्ञानदीप' तीनदा आला. पाटीवरचा पडदा ओढला गेला. 'प्रयोगशाळा परिचर' हे शब्द होते, बाकी अक्षरांपेक्षा बारीक.

शिष्यवृत्तीची तीन मुलं पहिल्या रांगेत बसली होती. गोडदेवचा एक मुलगा, खारीचा एक, आणि राईची एक मुलगी. तन्वी तिचं नाव. वडील खाडीत मासेमारी करतात. ती आजीला घेऊन आली होती. आजी हिरवं लुगडं नेसून, चपला बाहेर काढून आली होती. त्या सगळ्या सभागृहात चपला बाहेर काढणारी ती एकटीच.

अध्यक्ष बोलले. ठरल्याप्रमाणे त्यांनी किस्सा सांगितला. चाळीस वर्षं वापरून वापरून तो चांगला गुळगुळीत झाला होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, सगळं बसलेलं. "मामा म्हणाले, घे पोरा, पण चहा पाजायला विसरू नको!" बाबा कुणाला आयुष्यात 'घे पोरा' म्हणाले नव्हते. सभागृह खदखदून हसलं. प्राध्यापक हसले. गोडदेवचा तो मुलगाही हसला, बिचारा, सगळे हसतायत म्हणून. मी त्या माणसाकडे पाहत होते आणि माझ्या लक्षात आलं, तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते आता खरंच तसं आठवत होतं. माणूस किती क्षुद्र असू शकतो याचं मला चाळीस वर्षांत एकच माप सापडलं आहे. दुसऱ्याच्या तोंडातला घास काढून घ्यायचा आणि नंतर सांगायचं, त्यानेच प्रेमाने भरवला.

मग मला बोलावलं. माझ्या हातात कागद होता, घरून लिहून आणलेला. त्यात आभार होते. मी तो घडी करून पर्समध्ये टाकला.

"माझ्या वडिलांनी लिस्ट दिली नव्हती," मी म्हटलं. "ती खणातून चोरली होती. मी दारात उभी होते. मी बघितलं."

माइकपासून मी लांब होते. मागे कुजबुज चालू राहिली. कुणाला ऐकू गेलं नव्हतं. प्राचार्यबाई टाळ्या वाजवायला हात उचलत होत्या, आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून आजीचा खणखणीत आवाज आला, "मोठ्यानं बोल गो बाय! काय ऐकू न्हाय येत!"

लोक हसले. मी माइक जवळ ओढला.

"माझ्या वडिलांनी लिस्ट दिली नव्हती. आत्ता ज्यांनी किस्सा सांगितला त्यांनी ती सरांच्या खणातून उतरवून घेतली. सापडल्यावर नाव मामांचं सांगितलं. मामांना नऊ वर्षं सायकली राखायला बसवलं. हे मी बघितलेलं आहे. आणि मी कुणाला सांगितलं नाही, कारण मग सांगावं लागलं असतं की मामा माझे वडील आहेत. मी त्यांना इथे मामा म्हणायचे. तुमच्यासारखीच."

एवढंच बोलले. जागेवर येऊन बसले.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर काय आलं ते पाहण्याची मी चाळीस वर्षं वाट पाहिली असेन. काही आलं नाही. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. ते उठले, माइक घेतला आणि म्हणाले, "मॅडम जरा इमोशनल झाल्यात. साहजिक आहे. वडिलांची माया शेवटी. एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ दे!" आणि टाळ्या झाल्या. जोरदार. अशा माणसाला लाजवायला गेलं तर हात शेवाळाला लावल्यासारखा घसरतो, धरायला काही सापडतच नाही.

मग मुलांना पाकिटं दिली. गोडदेवचा मुलगा आणि खारीचा मुलगा अध्यक्षांच्या पाया पडले, माझ्या पडले, फोटोग्राफरने एकाला पुन्हा पडायला लावलं. तन्वीने पाकीट घेतलं, मान हलवली आणि खाली उतरली.

समोसे आणि चहा मागच्या व्हरांड्यात होते. अध्यक्ष माझ्या बाजूला आले, डिश हातात. हळूच म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांनी कशाला? सर तर गेले पण. पाटी लावली ना आपण."

"पाटी तुम्ही नाही लावलीत," मी म्हटलं. "पुढच्या वर्षीही मीच येणार आहे. किस्सा तुमचा झाला की माझा. दरवर्षी."

त्यांनी समोशाचा तुकडा चटणीत बुडवला आणि दुसरीकडे गेले. प्राचार्यबाई माझ्याजवळून दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा त्यांना फोन आला. एक तरुण प्राध्यापक येऊन म्हणाला, "मॅडम, खूप धाडसी बोललात," आणि बोलताना अध्यक्ष बघत नाहीत ना याची खात्री करत होता.

मी फाटकाकडे निघाले. तन्वी आणि तिची आजी तिथे उभ्या होत्या. आजी चपला घालत होती, मुलीने तिचा दंड धरला होता. मला पाहून मुलगी म्हणाली, "मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही तेव्हा बोलला असता तर तुम्हाला नापास केलं असतं का?"

"नाही. बहुतेक नाही."

"मग काय झालं असतं?"

"वर्गातल्या मुलींना कळलं असतं."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांची, डोळे सरळ, भुवई जराही हलली नाही. असं मी आयुष्यभर इतरांकडे पाहत आले. त्या सरांकडे, बॅनरकडे, मऊ बोलणाऱ्यांकडे, पांढऱ्या बुटांकडे. त्या नजरेत किती तुच्छता मावते हे मला पुरतं ठाऊक आहे. माझ्याकडे मात्र तोवर कुणी तसं पाहिलं नव्हतं. बाबांनीही नाही.

आजीला काही कळलं नव्हतं. तिने नातीला कोपराने ढोसलं. "पाया पड बाईंच्या. एवढं देतायत तुला."

"नको आजी," मुलगी म्हणाली. "बाईंना नकोय ते."

आजी कानकोंडी झाली. "आजकालच्या पोरींना काय रीतच न्हाय बगा..." असं काहीसं म्हणत राहिली. मुलीने पाकीट दप्तरात टाकलं, चेन ओढली, आजीच्या दंडाला धरून तिला रस्ता ओलांडून दिला. पलीकडे रिक्षा होत्या. एक थांबली, आजी आधी बसली, मग ती. बसताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी तिथेच उभी होते. मनात आलं की हाक मारावी आणि सांगावं, तू ओळखलंस ते अगदी बरोबर आहे. पण रिक्षा वळली होती. आणि तिला माझ्या शिक्क्याची गरज नव्हती.